हायस्कूलच्या आधीची सुट्टी: समर कोर्स कसा निवडायचा, अगदी पहिल्यापासून

मुलगा किंवा मुलगी हायस्कूलला जाणार म्हटलं की घरात एकदम धावपळ सुरू होते. कुणी सांगतं आत्तापासून पुढच्या वर्षाचं गणित सुरू करा, कुणी म्हणतं कोडिंग लावा, कुणी म्हणतं नवीन भाषा लावा, आणि सगळ्यांचं ऐकता ऐकता आईवडील तीन तीन फॉर्म भरून बसतात. मी शाळकरी मुलांना गणित शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि दर सुट्टीच्या आधी मला हेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. ज्यांचं पहिलंच मूल या टप्प्यावर आलंय त्यांच्यासाठी मुख्यतः, पण मुलांनीही वाचलं तर फार बरं, कारण कोर्सला बसायचंय त्यांना.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पुढच्या वर्षाचा अभ्यास आत्ता उरकायला जाऊ नका. मागचं जे कच्चं राहिलंय ते पक्कं करा, आणि त्याच्या जोडीला मुलाच्या आवडीची एकच गोष्ट ठेवा. बाकीची सुट्टी सुट्टीच राहू दे. का ते पुढे येईलच.

आधी समजून घ्या, समर कोर्स म्हणजे नक्की काय काय असतं

एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, त्यामुळे गोंधळ होतो. एक असतो ब्रिज कोर्स, म्हणजे मधल्या शाळेतून हायस्कूलला जाताना मधला पूल. बऱ्याचदा नवी शाळाच तो घेते, एक-दोन आठवड्यांचा असतो, त्यात थोडा अभ्यास आणि बरीचशी शाळेची ओळख असते. दुसरा उजळणीचा, मागे राहिलेलं भरून काढायचा. तिसरा पुढच्या इयत्तेचा विषय आधीच शिकवणारा, आणि काही ठिकाणी असा विषय पास झाला तर शाळा तो धरते, त्याला क्रेडिट म्हणतात. चौथा कौशल्याचा किंवा छंदाचा, प्रोग्रामिंग, चित्रकला, नाटक, रोबोटिक्स वगैरे. आणि पाचवा राहून करायचा कॅम्प. याशिवाय ऑनलाइन आपापल्या वेगाने करायचे कोर्स आहेतच.

यातला तुमच्या मुलाला कुठला हवाय हे ठरल्याशिवाय एकही माहितीपत्रक उघडू नका असं मी सगळ्यांना सांगते. उघडलं की सगळंच गरजेचं वाटायला लागतं.

पहिलं काम: नव्या शाळेला विचारा

हे सगळ्यात सोपं काम आहे आणि नेमकं हेच राहून जातं. शाळेला फोन करा किंवा मेल टाका आणि चार गोष्टी विचारा. तुमचा स्वतःचा ब्रिज कोर्स आहे का, असेल तर सक्तीचा की ऐच्छिक. गणितात किंवा भाषेत मुलांना वेगवेगळ्या गटात घालायची परीक्षा असते का, आणि कधी. सुट्टीत वाचायची पुस्तकं किंवा काही प्रोजेक्ट दिलंय का. आणि बाहेर केलेला कोर्स तुम्ही धरता का.

हा शेवटचा प्रश्न क्रेडिटवाला कोर्स करणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर लेखी घ्या. कोर्सवाले सांगतात सगळीकडे चालतं, पण चालवायचं की नाही ते शाळा ठरवते, कोर्सवाले नाही. सहा आठवडे रोज घासून मग शाळा म्हणाली की आम्ही हे धरत नाही, पुन्हा वर्गात बसायचं, तर त्या मुलाचं काय होत असेल विचार करा. तोच विषय, तेच धडे, आणि वर्षभर कंटाळा.

गटाची परीक्षा असेल तर मागच्या वर्षीचा नमुना पेपर मिळतो का तेही विचारा, कितीतरी शाळा आनंदाने देतात, कुणी मागतच नाही.

दुसरं काम: कच्चं कुठे आहे ते घरीच शोधा

यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळं इथेच ठरतं.

एका आईने मला सांगितलं, याला अल्जेब्रा अजिबात जमत नाही, पुढच्या वर्षीचं आधीच शिकवून ठेवा म्हणजे वर्गात मागे पडणार नाही. मुलगा समोर बसला, गप्प, मान खाली. मी त्याला एक समीकरण दिलं, ५ − २(एक्स − ३) = १. त्याने कंस सोडवून लिहिलं ५ − २एक्स − ६ = १, आणि मग पुढच्या सगळ्या पायऱ्या अगदी बरोबर केल्या, उत्तर आलं वजा १. मी म्हटलं, हे उत्तर परत वरच्या ओळीत टाकून बघ बरं. त्याने टाकलं, डावीकडे १३ आले, उजवीकडे तर १. तो बराच वेळ त्या कंसाकडे बघत राहिला आणि मग हळूच वजा ६ खोडून अधिक ६ केलं, आणि एक्स बरोबर ५ आला. आता बघा, या मुलाला अल्जेब्रा येत होता की. वजा चिन्ह कंसात शिरलं की काय होतं, एवढंच येत नव्हतं, आणि दोन वर्षं सगळे त्याला अल्जेब्रा कच्चा म्हणत होते आणि तोही तेच मानून बसला होता. त्या सुट्टीत आम्ही पुढचं एक पानही उघडलं नाही. तीन आठवडे फक्त ऋण संख्या, कंस आणि चिन्हं.

म्हणून सांगते, विषयाचं नाव हे दुखणं नसतं. दुखणं त्याच्या आत कुठेतरी एका जागी असतं, ती जागा सापडली की अर्धं काम झालं.

घरी करायचं ते असं. एका कागदावर दहा गणितं लिहा, मागच्या दोन इयत्तांमधली, अवघड नकोत. एक अपूर्णांकांची बेरीज, २/३ + १/४. एक अपूर्णांकाचा भागाकार, ३/४ ÷ १/८. दोन ऋण संख्यांची, −७ + ४ आणि −३ − ५. एक कंसाचं समीकरण, वर दिलंय तसं. एक टक्केवारीचं, १०० ची किंमत आधी २० टक्के वाढली, मग २० टक्के कमी झाली, आता किती. एक गुणोत्तराचं, एक क्षेत्रफळाचं, एक आलेख वाचायचं, आणि एक शाब्दिक, ज्यात आधी गणित मांडावं लागतं. वेळ लावू नका. कॅल्क्युलेटर नको. आणि मूल गणित करत असताना वर उभं राहून बघू नका, दुसऱ्या खोलीत जा.

मग उत्तरं तपासताना चूक की बरोबर एवढंच बघू नका, चूक कशी झाली ते बघा. २/३ + १/४ चं उत्तर ११/१२. ज्याने ३/७ लिहिलं त्याने वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवले, ही निष्काळजीपणाची चूक नव्हे, त्याच्या मनात अपूर्णांक ही एक संख्या नाहीच आहे, दोन वेगळे आकडे आहेत. त्याला फक्त एवढं विचारा की ३/७ अर्ध्याहून कमी की जास्त, आणि २/३ कमी की जास्त. बेरीज केल्यावर संख्या लहान कशी झाली हे त्याच्या लक्षात आलं की चेहरा बघण्यासारखा असतो. टक्केवारीच्या गणिताचं उत्तर ९६ आहे, १०० नाही, आणि बहुतेक मुलं १०० लिहितात. भागाकाराचं उत्तर ६ येतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे का येतं ते सांगता येतं का, की पाऊण भागात अष्टमांश सहा वेळा बसतो.

अपूर्णांकांवर मी एवढा जोर देतेय त्याला कारण आहे. रॉबर्ट सिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला, अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडच्या मुलांच्या माहितीवरून, आणि त्यात दिसलं की साधारण दहाव्या वर्षी मुलाला अपूर्णांक आणि भागाकार कितपत येतात त्यावरून हायस्कूलमधल्या गणिताचा अंदाज लागतो, घरची परिस्थिती आणि बुद्धिमत्ता वगैरे हिशेबात धरूनसुद्धा. म्हणजे ज्याला आपण खालच्या इयत्तेतलं सोपं म्हणून सोडून देतो तेच पुढे आडवं येतं.

वाचनाचं पण असंच तपासा. इतिहास किंवा विज्ञानाच्या पुस्तकातलं एक पान, गोष्टीचं नको, मुलाला मनात वाचायला द्या, मग पुस्तक मिटून तीन वाक्यांत सांगायला लावा. शब्द न् शब्द परत सांगणं आणि मुद्दा सांगणं यात फरक आहे. हायस्कूलमध्ये वाचनाचा ढीग वाढतो, प्रत्येक विषयाचे शिक्षक वेगळे असतात आणि प्रत्येकाला वाटतं की मुलांना वाचता येतंच. ज्याला पानातला मुद्दा पकडता येत नाही तो सगळ्याच विषयात अडकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. लिहिण्यासाठी एक परिच्छेद लिहून घ्या, कुठल्याही प्रश्नावर मत आणि त्याची दोन कारणं. एवढं पुरे.

तिसरं काम: एकच गरज, एकच आवड

आता तुमच्याकडे कागदावर कच्च्या जागांची यादी आहे. त्यातली सगळ्यात खालची, म्हणजे जिच्यावर बाकीचं उभं आहे ती निवडा. अपूर्णांक आणि समीकरणं दोन्ही कच्चं असेल तर आधी अपूर्णांक. ही झाली गरज. आवड मात्र मुलाने निवडायची, पूर्णपणे त्यानेच, आणि ती तुम्हाला बिनकामाची वाटली तरी चालेल.

हे मी अनुभवातून सांगतेय. माझ्या मुलीच्या वेळी मी तीन कोर्स लावले होते. सकाळी पुढच्या वर्षाचं गणित, दुपारी विज्ञान, संध्याकाळी निबंधलेखन. मला वाटलं होतं एवढी मोठी सुट्टी आहे, तीन तास म्हणजे काय. गणिताचा वर्ग इतका भरभर पुढे जात होता की दुसऱ्याच आठवड्यात तिने वही दाखवणं बंद केलं, मी विचारलं की झालं म्हणायची, आणि एक दिवस वही उघडली तर फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं, एकही गणित स्वतः केलेलं नाही. ती रडली नाही, भांडली नाही, नुसती शांत झाली होती, आणि तेच मला जास्त लागलं. तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोन कोर्स सोडले. निबंधाचा तिने स्वतःहून ठेवला कारण तिथल्या बाई तिचं लिहिलेलं वाचून त्यावर बोलायच्या. शाळा सुरू झाली तेव्हा त्या भरभर शिकवलेल्या गणितातलं तिला काही आठवत नव्हतं, उलट "हे मला शिकवून झालंय आणि तरी येत नाही" ही भीती तेवढी उरली होती. पुढचं आधी शिकवण्याच्या मी विरोधात आहे ते याच्यामुळे. ज्यांचं मागचं पक्कं आहे आणि ज्यांना स्वतःलाच भूक आहे अशा मुलांनी जरूर पुढचं करावं, त्यांना अडवू नका. पण ती मुलं ओळखू येतात, ती न सांगता पुस्तक उघडतात.

सुट्टीत मुलं सगळं विसरतात या भीतीवर पण बरेच कोर्स चालतात, म्हणून त्याबद्दल थोडं. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आधीचे ३९ अभ्यास एकत्र करून पाहिले आणि सरासरी एक महिन्याच्या शिकण्याइतकी घसरण दिसली असं मांडलं, त्यातही वाचनापेक्षा गणितात जास्त. नंतरच्या संशोधकांनी हा आकडा कितपत खरा यावर वाद घातलाय. तर विसरणं होतं, पण त्यासाठी दिवसाला पाच तासांचा वर्ग लागत नाही, रोजची थोडी उजळणी लागते.

चौथं काम: कोर्स निवडताना काय विचारायचं

माहितीपत्रकावरचे फोटो आणि टॉपर्सची नावं बाजूला ठेवा. पहिला प्रश्न, प्रत्यक्ष शिकवणार कोण. नाव मोठं असतं आणि वर्गात कुणीतरी वेगळंच उभं असतं, त्यामुळे ज्या व्यक्तीला वर्ग मिळणार तिचंच नाव विचारा आणि शक्य असेल तर पाच मिनिटं बोला. दुसरा, एका वर्गात किती मुलं. उजळणीच्या कोर्सला दहा-बारा मुलांच्या वर गेलं की शिक्षकाला प्रत्येकाची वही बघणं जमत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे, पंधरा मुलं घेतली तेव्हा मला कुणाची चूक कुठली हे आठवायचं नाही. तिसरा, पहिल्या दिवशी चाचणी घेता का आणि त्याप्रमाणे शिकवणं बदलता का. "आमचा अभ्यासक्रम ठरलेला आहे" असं उत्तर आलं तर तो उजळणीचा कोर्स नाही, मग नाव काहीही असो. चौथा, तासातला किती वेळ मुलं स्वतः गणित करतात किंवा लिहितात. निम्म्याहून कमी असेल तर नको. पाचवा, आजारी पडलं किंवा सोडावं लागलं तर पैसे परत मिळतात का, किती दिवसांत, आणि हे पावतीवर किंवा मेलवर लिहून मिळतं का.

एखादा वर्ग मुलाला बसून बघू द्या. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे.

राहून करायचा कॅम्प असेल तर हे सगळं विचाराच, शिवाय रात्री मुलांसोबत कोण असतं, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासलेली असते का, औषधं कोण देतं, मूल घरी कधी आणि कसं बोलू शकतं, हे विचारायला अजिबात संकोच करू नका. अजून एक. विद्यापीठाच्या आवारात होणारा प्रत्येक कॅम्प त्या विद्यापीठाचा असतोच असं नाही, बऱ्याच बाहेरच्या कंपन्या जागा भाड्याने घेऊन चालवतात. विद्यापीठाचे स्वतःचे पण असतात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं १९७९ मध्ये सुरू झालेलं सीटीवाय नावाचं केंद्र हुशार मुलांसाठी असे कोर्स घेतं. फरक ओळखायचा तर विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवर त्या कॅम्पचं नाव आहे का ते बघा. आणि अशा कॅम्पला गेल्याने पुढे कॉलेजचा प्रवेश पक्का होतो अशा समजुतीने तर मुळीच पाठवू नका, मुलाला तो विषय आवडतो म्हणून पाठवा.

पैसे खर्च न करता पण होतं

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण ज्यांना कोर्स परवडत नाही त्यांना उगाच वाटत राहतं की आपलं मूल मागे राहणार. तसं नाहीये.

खान अकॅडमी ही ना-नफा संस्था आहे, साल खान यांनी २००८ मध्ये सुरू केलेली, तिथलं सगळं शिकवणं फुकट आहे आणि अल्जेब्राच्या आधीची तयारी करून घेणारा वेगळा कोर्सच आहे. त्यात घटकाच्या शेवटी चाचणी असते, तर युक्ती अशी की व्हिडिओपासून सुरुवात करायची नाही, आधी चाचणी द्यायची, जे चुकलं त्याचेच व्हिडिओ बघायचे. विज्ञानासाठी फेट सिम्युलेशन्स, हे कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचं काम आहे, २००१ मध्ये नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं. बॅटरी, वायर, बल्ब स्क्रीनवर जोडून सर्किट करता येतं, चुकीचं जोडलं तर काय होतं तेही दिसतं, आणि मुलं त्यात रमतात. आलेखासाठी जिओजेब्रा. प्रोग्रामिंगची आवड असेल तर एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेलं स्क्रॅच, ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं, आणि ते बाळबोध वाटायला लागलं की पायथन, म्हणजे ओळी टाइप करून प्रोग्राम लिहायची भाषा. या वयाच्या मुलाला पायथन जमतं, फक्त पहिले पंधरा दिवस कुणीतरी सोबत बसायला हवं, नाहीतर एका स्वल्पविरामासाठी दिवस जातो आणि मूल सोडून देतं.

आणि लायब्ररी. बऱ्याच सार्वजनिक लायब्रऱ्या सुट्टीत मुलांसाठी वाचनाचे उपक्रम घेतात, जाऊन चौकशी करा.

ऑनलाइनचा एकच मोठा प्रॉब्लेम आहे, सुरू सगळे करतात, पुरं फार थोडे करतात. म्हणून त्याला वेळ ठरलेली हवी, जागा ठरलेली हवी, आणि आठवड्यातून एकदा मोठ्या माणसाने शेजारी बसून "या आठवड्यात काय जमलं ते मला शिकव" असं म्हणायला हवं. शिकव म्हणा, दाखव नको. दाखवताना मुलं फक्त हिरव्या खुणा दाखवतात.

पाचवं काम: वेळापत्रक, आणि त्यात झोप

शाळा संपली की पहिला पूर्ण आठवडा काहीही नको. शाळा सुरू व्हायच्या आधीचे आठ-दहा दिवसही मोकळे ठेवा, त्याचं वेगळं काम आहे, ते शेवटी सांगते. मधला जो काळ उरतो त्यात कोर्स.

रोज किती? गरजेच्या विषयाला पाऊण ते एक तास, आठवड्यातून पाच दिवस, माझ्या मते एवढं भरपूर आहे. शनिवारी एकदम पाच तास बसवून काही होत नाही. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि उजळणी दिवसांमध्ये विभागून केली तर जास्त टिकते. याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनर यांची खोक्याची पद्धत आहे, १९७२ ची. कार्डावर एका बाजूला प्रश्न दुसऱ्या बाजूला उत्तर, तीन-चार कप्पे, बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात, पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, पुढचा आठवड्याने. बुटाचं खोकं आणि जाड कागद एवढंच सामान लागतं.

झोपेबद्दल. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितलंय. आणि या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही, हा आळशीपणा नसतो. त्यामुळे पर्याय असेल तर सकाळी सातच्या बॅचपेक्षा दहाची घ्या.

हजेरीचं पण एक सांगते. रँड या संस्थेने अमेरिकेतल्या पाच शहरी भागांतल्या सुट्टीतल्या वर्गांचा मोठा अभ्यास केला, ती मुलं लहान होती, तिसरी संपलेली, पण मुद्दा आपल्याही कामाचा आहे. पाच आठवड्यांच्या वर्गाला जी मुलं २० किंवा जास्त दिवस आली त्यांना गणितात फायदा दिसला. म्हणजे मध्येच दहा दिवस गावाला जायचं असेल तर ती तारीख सोडून कोर्स घ्या, किंवा लहान कोर्स घ्या. अर्धामुर्धा करण्यात पैसेही जातात आणि मुलाला वाटतं आपल्याला जमलं नाही.

कोर्स चालू असताना

हा भाग मुलांसाठी, तुझ्यासाठी. वर्गात लिहिलेलं घरी येऊन परत परत वाचत बसू नकोस. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं की येतंय. वही मिट, कोऱ्या कागदावर जे आठवतं ते लिही, मग वही उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भर. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर हा प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा स्वतःची परीक्षा घेणारे पुढे गेले. आणि शाळेची परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

वहीचं पान आखायची एक जुनी चांगली पद्धत आहे, कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची. पानाच्या डावीकडे अरुंद पट्टी सोडायची, उजवीकडे वर्गात लिहायचं, घरी आल्यावर डाव्या पट्टीत त्यावरचे प्रश्न लिहायचे आणि खाली दोन ओळींत सार. उजवी बाजू झाकून डाव्या बाजूच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. हायस्कूलमध्ये फळ्यावर सगळं लिहून देणारे शिक्षक कमी होत जातात, त्यामुळे ही सवय आत्ता लागली तर खूप कामाला येईल.

आणि चुकांची एक वेगळी वही ठेव. गणित, माझी चूक, का झाली, तीन रकाने. "घाई झाली" हे कारण लिहायचं नाही, कुठे घाई झाली ते लिहायचं.

आईवडिलांनी रोज किती मार्क पडले विचारू नका. आज कुठे अडलास एवढं विचारा, आणि कुठे नाही म्हणालं तर समजा की कोर्स फार सोपा आहे किंवा मूल सांगत नाहीये, दोन्हींकडे बघायला हवं. दोन आठवड्यांनी एकदा शांतपणे बोला. अवघड वाटतंय पण जातंय, असं असेल तर चालू ठेवा. रोज पोट दुखतंय, वही लपवतंय, बोलणं कमी झालंय, तर आधी शिक्षकांशी बोला, आणि तरी फरक पडला नाही तर सोडा. मधेच सोडल्याने मुलाला सोडायची सवय लागते असं मला आधी वाटायचं, आता नाही वाटत. का सोडतोय हे मुलासमोर स्पष्ट बोलून सोडलं तर तो त्यातून शिकतो.

शेवटचे आठ-दहा दिवस

कोर्स संपला, आता हे दिवस शाळेसाठी. उठायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, एकदम दोन तासांनी नको. शाळेच्या रस्त्याने एकदा शाळेच्याच वेळेला जाऊन या, मुलाला एकट्याने जायचं असेल तर त्याला पुढे चालू द्या आणि तुम्ही मागे राहा. ओळखदिवस असेल तर चुकवू नका. वेळापत्रक आधी मिळालं तर कुठल्या तासाला कुठली खोली हे एका लहान कार्डावर लिहून खिशात. मोठ्या इमारतीत पहिल्याच दिवशी हरवायची भीती मुलांना अभ्यासापेक्षा जास्त असते, बोलून दाखवत नाहीत. वरच्या वर्गातलं ओळखीचं कुणी दादा-ताई असेल तर अर्धा तास गप्पा मारायला लावा, तुम्ही तिथे नको.

सुरुवातीला केलेला तो दहा गणितांचा कागद आता परत काढा आणि आकडे बदलून पुन्हा सोडवायला द्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलाला स्वतःलाच तपासू दे. जे अजून चुकतंय ते चुकांच्या वहीत पहिल्या पानावर लिहा आणि ती वही शाळेच्या दप्तरात जाऊ दे. पहिल्या महिन्यात गणिताच्या शिक्षकांना भेटायला जाल तेव्हा तेच पान उघडून दाखवा. माझ्याकडे असं पान घेऊन कुणी आलं ना, की त्या मुलाला कुठून धरायचं हे मला पहिल्याच दिवशी कळतं.